तोळाभर शिसं, अर्ध्या तोळ्याच्या आत दारू: वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात ठासणीच्या बंदुकीबद्दल, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू आणि गोळी ठासून भरायच्या बंदुकीबद्दल, थोडं लिहिलं आणि त्यावर बरीच पत्रं आली. त्यातली पाच इथे घेतली आहेत. नव्या वाचकांसाठी माझ्याबद्दल दोन ओळी. मी गिरगावात राहतो. फोर्टमधल्या एका दुकानात ३१ वर्षं बंदुका दुरुस्त केल्या. माझे वडील संगमेश्वरकडे लोहारकाम करत आणि गावच्या ठासणीच्या बंदुका त्यांच्याच भात्याजवळ नीट व्हायच्या. भाचा अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात असतो. त्याच्याकडे दोन हिवाळे राहिलो, तेव्हा तिकडची शिकार आणि तिकडच्या ठासणीच्या बंदुका जवळून पाहिल्या. पहिल्या पत्राचं उत्तर त्या अनुभवावरूनच देतो.

माझा जावई पेनसिल्व्हेनियात राहतो. नाताळानंतरच्या हरणांच्या हंगामासाठी त्याने .५० बोअरची चकमकीची रायफल घेतली आहे. त्याचा हा पहिलाच हंगाम. दुकानातला माणूस म्हणतो लांबट गोळी घ्या, शेजारी म्हणतो गोल गोळीच बरी. दारूचंही तसंच, कुणी ६० ग्रेन सांगतो, कुणी ११०. डिसेंबरात आम्ही दोघं तिकडे जाणार आहोत. तो फोनवर मला विचारतो, आणि मी एनसीसीतल्या .२२ रायफलीपलीकडे काही हाताळलेलं नाही. त्याला काय सांगू? — एक वाचक, विलेपार्ले पूर्व

जावईबापूंना आधी एक काम सांगा. नळीवर किंवा सोबतच्या पुस्तिकेत आट्यांचा, म्हणजे नळीच्या आत कोरलेल्या पीळदार खाचांचा, पीळ लिहिलेला असतो, तो वाचून तुम्हाला कळवू दे. १:६६, १:४८, १:२८ असा काहीतरी आकडा असेल. गोळी नळीतून तेवढे इंच पुढे सरकते तेव्हा स्वतःभोवती एक पूर्ण गिरकी घेते, असा त्याचा अर्थ. गोल की लांबट हे दुकानदारही ठरवत नाही आणि शेजारीही नाही. नळी बनवणाऱ्याने पीळ पाडला तेव्हाच ते ठरलेलं असतं.

गोल गोळी कशीही वळली तरी गोलच, म्हणून तिला थोडी गिरकी पुरते. १:६०, १:६६ असा सैल पीळ तिच्यासाठीच असतो. लांबट गोळीला मात्र भोवऱ्यासारखं जोरात फिरावं लागतं, नाहीतर ती हवेत डगमगते आणि आडवी होते. कागदी निशाणावर गोल भोकाऐवजी कुलपाच्या भोकासारखी लांबुडकी चीर दिसली, तर समजायचं की या नळीला ही गोळी पेलत नाही. उलट १:२८ च्या घट्ट पिळात गोल गोळी भरून मागे भरपूर दारू घातली, तर गोळी आटे सोडून सरळ घसरत निघते. १:४८ हा मधला पीळ. त्यात गोल गोळीही चालते आणि बुटकी लांबट गोळीही. चकमकीच्या बहुतेक रायफलींना १:४८ किंवा त्याहून सैल पीळ असतो. जावयाची तशी असेल तर पहिल्या हंगामाला गोल गोळीच घ्यायला सांगा. लँकेस्टरच्या आसपास जर्मन कारागिरांनी अठराव्या शतकात ज्या लांब नळीच्या रायफली घडवल्या, त्या गोल गोळीच्याच. त्याच मुलखात बसून तीच गोळी भरण्यात काही कमीपणा नाही.

आता माप. .५० च्या नळीत .५० ची गोळी भरत नाहीत, .४९० ची भरतात. उरलेली जागा गोळीभोवती गुंडाळलेली चिंधी भरून काढते. शुद्ध शिशाच्या .४९० गोळीचं वजन साधारण १७७ ग्रेन. ग्रेन म्हणजे दारूचा दाणा नव्हे, ते वजन आहे. आपला जुना तोळा बरोबर १८० ग्रेनचा, म्हणजे ११.६६ ग्रॅमचा. झवेरी बाजारात आता १० ग्रॅमलाच तोळा म्हणतात, पण तुमच्या सासूबाईंच्या पाटल्या जुन्याच तोळ्याने मोजलेल्या असतील. तेव्हा जावयाला सांगा, गोळी तोळाभर. दारू अर्ध्या तोळ्याच्या, म्हणजे ९० ग्रेनच्या वर जाऊ द्यायची नाही, आणि बहुतेक वेळा तेवढीही लागत नाही. अर्थात त्या रायफलीच्या पुस्तिकेत याहून कमी मर्यादा लिहिली असेल, तर ती पाळायची.

शिसं शुद्ध आणि मऊ हवं. नखाने ओरखडा काढला तर उमटला पाहिजे. मोटारीच्या चाकाला लावतात त्या वजनांचं शिसं कडक असतं, ते नको. मऊ गोळी हरणाच्या अंगात पसरते, मोठी जखम करते आणि जनावर लवकर पडतं. कडक गोळी टोचून पार निघून जाते आणि जनावर मैलभर पळून कुठेतरी झुडपात तडफडत मरतं.

चिंधी सुती हवी, घट्ट विणीची. नायलॉन मिसळलेलं कापड आत वितळतं. जाडी .०१५ इंचाच्या आसपास. तेल किंवा मेण-चरबीचं मिश्रण लावून ओलसर करायची, पण पिळली तर थेंब पडेल एवढी ओली नको, नाहीतर दारू भिजते.

दारू कुठली? चकमकीच्या बंदुकीत खरी काळी दारूच. दुकानात पायरोडेक्स, ट्रिपल सेव्हन वगैरे पर्यायी दारू सहज मिळते. टोपीच्या किंवा प्रायमरच्या बंदुकीत (जिथे ठोक्याने फुटणारी छोटी टोपी दारू पेटवते) ती चांगली चालते, पण पेटायला जास्त उष्णता मागते. चकमकीच्या ठिणगीने पेटलेली रंजक, म्हणजे नळीबाहेरच्या रंजकदाणीतली चिमूटभर दारू, तिला पेटवेलच असं नाही. रंजक फुस्सकन उडते, आतला बार, म्हणजे नळीत भरलेली दारू आणि गोळी, जागचा हलत नाही, आणि तोवर हरीण मान वर करून तुमच्याकडे पाहत असतं. मुख्य बाराला दोन एफची दारू घ्यावी (जितके एफ जास्त तितका दाणा बारीक). तीन एफची दारू बारीक दाण्याची असते, झटकन जळते, ती .४५ आणि त्याखालच्या नळ्यांना. रंजकेला चार एफची, अगदी बारीक, दोन-तीन ग्रेन पुरेत. रंजकदाणी भरून टाकायची नाही. रंजकदाणीतून नळीत जाणारं बारीक भोक दारूखाली गाडलं गेलं तर आधी रंजक वातीसारखी जळत जाते आणि मग बार पेटतो. रंजक भोकाच्या पातळीखाली राहिली की तिची झळ सरळ आत शिरते.

आता ६० की ११०? दोघांच्याही सांगण्यावर जाऊ नका. ६० ग्रेनपासून सुरुवात करायची. ५० यार्डांवर कागद लावायचा, बंदूक वाळूच्या पिशवीवर टेकवायची आणि तीन गोळ्या झाडायच्या. दोन बारांमध्ये ओलसर चिंधीने नळी पुसायची, म्हणजे प्रत्येक गोळीला नळी सारखी मिळते. मग ६५, ७०, ७५ असं पाच-पाच ग्रेनने वर जायचं. एका मापाला तिन्ही भोकं अगदी जवळ येतील, आणि त्यापुढे दारू वाढवली की पुन्हा पांगतील. भाच्याच्या रायफलीला ७५ ग्रेन मानवले. शेजाऱ्याच्या, तशाच दिसणाऱ्या रायफलीला ८५ लागले. .५० च्या गोल गोळीला हरणासाठी ७० ते ९० मध्ये नळीला मानवेल ते माप घ्यावं. ११० घातले तर खांदा दुखतो, धूर वाढतो आणि गोळी पांगते. हरणाला त्याने काही फरक पडत नाही.

हे करताना झाडलेल्या चिंध्या गोळा करायला त्याला सांगा. मला हे काम फार आवडायचं. बार झाला की पुढे दहा-पंधरा पावलांवर गवतात चिंधी पडलेली असते. उचलून हातावर पसरायची. मधोमध काजळीचा गोल, भोवती आट्यांचे ठसे आणि काठ थोडे दशा निघालेले, अशी असेल तर सगळं ठीक. मध्ये जळून भोक पडलं असेल तर चिंधी पातळ आहे किंवा तेल कमी पडलंय. गरम वायू गोळीच्या बाजूने निसटतोय. आट्यांच्या जागी ब्लेडने कापल्यासारख्या चिरा असतील तर नळीचं तोंड किंवा आटे अजून धारदार आहेत. नवी नळी असेल तर पन्नासेक बारांत त्या धारा मोडतात. आणि चिंधी सापडलीच नाही तर बहुधा तिचे तुकडे झालेत, तेव्हा जाड कापड घ्यायचं. निशाणावरच्या कागदापेक्षा ती चिंधी जास्त सांगते.

एक गोष्ट चुकवायची नाही. शिंगातून किंवा डब्यातून दारू थेट नळीत ओतायची नाही. आधी मापात घ्यायची, मग ओतायची. नळीत आधीच्या बाराची ठिणगी उरली असेल तर मापातलीच दारू पेटते, हातातला अख्खा डबा पेटत नाही. आणि रिकाम्या नळीत ठासायचा गज पूर्ण घालून नळीच्या तोंडाशी गजावर एक खूण करायची, ठरलेला बार भरल्यावर दुसरी. प्रत्येक वेळी गज त्या दुसऱ्या खुणेपर्यंत गेलाच पाहिजे. एकदा मी भाच्याशी गप्पा मारत बार भरत होतो. गज ठासला तर खूण नळीबाहेर दीड इंच वर राहिली. दारू दोनदा ओतली गेली होती. खूण नसती तर मी ती बंदूक खांद्याला लावली असती. त्या दिवसापासून बार भरताना मी कुणाशी बोलत नाही. गोळी आणि दारू यांच्यात मोकळी जागा राहिली तरीही नळी फुगू शकते, तेही याच खुणेने कळतं.

अंतर ७५ यार्डांपर्यंत ठेवा. शिवाजी पार्कवर साडेतीन खेळपट्ट्या एकापुढे एक मांडल्या तर तेवढं होतं. गोल गोळी हवेत झपाट्याने मंदावते. नळीतून सेकंदाला सव्वापाचशे मीटरच्या आसपास वेगाने निघालेली गोळी शंभर यार्डांवर सव्वातीनशेच्या आसपास येते, आणि मार वेगाच्या वर्गाने कमी होत असल्याने निम्म्याहूनही कमी उरतो. जनावर आडवं उभं असेल तेव्हाच, पुढच्या पायाच्या मागे छातीवर नेम धरायचा. चकमकीच्या बंदुकीत चाप ओढल्यापासून गोळी सुटेपर्यंत क्षणभर जातो, तोवर नेम हलवायचा नाही. मग समोर धुराचा पडदा येतो. बसून धुराखालून पाहायचं, जनावर कुठे उभं होतं ती जागा झाडाच्या खुणेने लक्षात ठेवायची, अर्धा तास थांबायचं आणि मग रक्ताच्या मागावर जायचं. लगेच धावत गेलं तर जखमी हरीण उठून लांब निघून जातं.

आणखी एक. नाताळानंतरचा तो हंगाम चकमकीच्याच बंदुकीचा आहे. टोपी नाही, प्रायमर नाही, दुर्बीण नाही. दुकानदाराने वर दुर्बीण बसवून दिली असेल तर काढायला सांगा. आणि परत येताना आठवण म्हणून गोळी, टोपी, दारूचं शिंग असं काहीही बॅगेत घालू नका. मुंबई विमानतळावर तपासणीत निघालं तर सुट्टीचा शेवट पोलीस चौकीत होईल.

हरणांच्या शिकारीवर तुम्ही लिहिता हे मला रुचलं नाही. माझ्या खिडकीतून नॅशनल पार्कची झाडं दिसतात. आपल्याकडे शिकारीला बंदी आहे ना? — एक वाचक, बोरिवली पूर्व

बंदी आहे, आणि ती असावी असं मलाही मनापासून वाटतं. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे. १९९१ च्या दुरुस्तीनंतर हौसेच्या शिकारीला कसलीही वाट उरलेली नाही. चितळ, सांबर, भेकर, कुणालाही हात लावायचा नाही. तुमच्या खिडकीखालच्या जंगलात चितळ दिसतात ती त्यामुळेच.

पेनसिल्व्हेनियात परिस्थिती वेगळी आहे. तिथे हरणं खूप आहेत, लांडगा आणि पुमा तिथून केव्हाच गेले, आणि सरकार दरवर्षी किती हरणं मारू द्यायची ते ठरवून परवाने देतं. तिथे राहणारी आपली मुलं कायद्याने शिकार करतात. त्यांनी ती नीट करावी, जनावराला तडफडवू नये, म्हणून मी लिहितो. चुकीच्या गोळीने आणि अंदाजपंचे दारूने जखमी झालेलं हरीण मी पाहिलं आहे. दोघांनी दिवसभर माग काढला आणि ते सापडलं नाही. ते पाहिल्यावर या विषयावर गप्प बसणं मला जमत नाही. तुमचं म्हणणं मला मान्य आहे. तुम्ही पत्र लिहिलंत हे बरं केलंत.

बहिणीचा मुलगा ओहायोत आहे. त्याने .५० ची इन-लाइन, म्हणजे प्रायमर नळीच्या थेट मागे बसणारी नव्या धाटणीची ठासणीची बंदूक, घेतली. दारूच्या तीन वड्या टाकायच्या, दीडशे ग्रेन होतात, असं त्याचे मित्र सांगतात. बरोबर प्लास्टिकच्या कपातली २५० ग्रेनची गोळी आहे. हे जास्त होत नाही का? आणि मित्राकडे काडतुसातली दारू आहे, ती चालेल का, असंही तो विचारत होता. — एक वाचक, मुलुंड

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी, कारण त्यात जिवाचा प्रश्न आहे. काडतुसातली बिनधुराची दारू ठासणीच्या बंदुकीत कधीही घालायची नाही. तिचा दाब काळ्या दारूच्या कितीतरी पट चढतो. काळ्या दारूच्या मापाने ती भरली तर नळी फाटते आणि हात, डोळे जातात. एखाद्याच बंदुकीवर ती चालते असं बनवणाऱ्याने स्पष्ट लिहिलेलं असतं. ते लिहिलेलं नसेल तर विषय तिथेच संपवा. आज रात्रीच त्याला फोन करा.

आता वड्या. एक वडी ५० ग्रेनची. वजनाने नव्हे, काळ्या दारूच्या आकारमानाच्या हिशेबाने. दोन वड्या म्हणजे १०० ग्रेन, आणि हरणासाठी त्या पुरतात. दोन वड्यांनी २५० ग्रेनची गोळी सेकंदाला सुमारे ५०० मीटर वेगाने निघते. इन-लाइनचा पीळ १:२८ च्या आसपास असतो, म्हणजे लांबट गोळीसाठीच बनलेला. त्यामुळे गोळी सरळ जाते आणि गोल गोळीपेक्षा वेग जास्त लांबपर्यंत टिकवते. शंभर यार्डांपर्यंत काही चिंता नाही, सराव असेल तर सव्वाशेपर्यंत. तिसरी वडी टाकली तर वेग दीडपट होत नाही, थोडाच वाढतो. धक्का मात्र चांगलाच वाढतो, माणूस चाप ओढण्याआधीच डोळे मिटायला लागतो, आणि बऱ्याच नळ्या तीन वड्यांवर गोळ्या पांगवतात. त्याला दोन्ही करून पाहू दे, कागदच सांगेल. पण त्याआधी बंदुकीची पुस्तिका आणि दारूचा डबा दोन्ही वाचायचे. दोन्हीकडच्या मर्यादेत फरक असेल तर कमी असलेली धरायची.

पायरोडेक्सच्या वडीचं एक टोक गडद असतं, तिथे खऱ्या काळ्या दारूचा पातळ थर असतो. ते टोक प्रायमरच्या बाजूला गेलं पाहिजे. उलटी गेली तर बार उशिरा पेटतो किंवा पेटतच नाही. आणि सुटी ट्रिपल सेव्हन भरणार असेल तर ती त्याच आकारमानात काळ्या दारूपेक्षा सुमारे १५ टक्के जोरदार असते. काळ्या दारूचं १०० चं माप लिहिलं असेल तिथे ही ८५ घ्यायची. ब्लॅकहॉर्न २०९ घेतली तर ती नावातल्या २०९ प्रायमरशिवाय नीट पेटत नाही.

प्लास्टिकच्या कपाला सॅबो म्हणतात. कप आटे धरतो, आतली .४५ ची गोळी त्याच्याबरोबर फिरते, आणि नळीबाहेर पडल्यावर कप गळून पडतो. कप ठासताना दोन बोटांच्या जोराने जायला हवा. हातोडीने ठोकावा लागत असेल तर गोळी बदला. गोळी आपल्या वजनानेच सुळकन खाली गेली तरी बदला, कारण चालताना ती पुढे सरकते आणि मागे मोकळी जागा राहते.

तांब्याच्या गोळ्याही मिळतात. कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून शिकारीला शिशाची गोळीच चालत नाही, कारण हरणाच्या टाकून दिलेल्या आतड्यांतले शिशाचे कण गिधाडांच्या पोटात जातात. तांबं हलकं, म्हणून त्याच वजनाची गोळी जास्त लांब होते आणि तिला घट्ट पीळ लागतो. इन-लाइनमध्ये ती चांगली बसते. ओहायोत सक्ती नसली तरी तो घरी मांस खाणार असेल तर मी तांबंच सुचवीन.

नियम राज्याराज्यांत वेगळे आहेत. कोलोरॅडोच्या ठासणीच्या हंगामात वड्याही चालत नाहीत, सॅबोही नाही, दुर्बीणही नाही. मित्र दुसऱ्या राज्यातले असतील तर त्यांच्या सांगण्यावर विसंबू नये म्हणून हे सांगितलं.

कणकवलीजवळच्या आमच्या घरी आजोबांची ठासणीची बंदूक माळ्यावर आहे. शेतीसंरक्षणाचा परवाना त्यांच्या नावावर होता. आजोबा जाऊन सहा वर्षं झाली. डुकरं भात खातात, तर गणपतीला गेल्यावर ती बंदूक वापरता येईल का? — एक वाचक, लालबाग

नाही. परवाना आजोबांचा होता, तो त्यांच्याबरोबर संपला. वारसाला तो आपोआप मिळत नाही. सहा वर्षं विनापरवाना बंदूक घरात असणं हाच शस्त्र कायद्याखाली गुन्हा ठरू शकतो. एखाद्या वकिलाशी बोला, पोलीस ठाण्यात जाऊन सगळं खरं सांगा आणि बंदूक तिथे किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करा. मग तुमच्या नावाने परवान्याचा अर्ज करा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवाना पाच वर्षांसाठी मिळतो. आणि परवाना हाती आला तरी डुक्कर मारायला वन खात्याची वेगळी परवानगी लागते.

पण ती बंदूक माळ्यावरून काढण्याआधी पुढचं नीट वाचा. बरीच वर्षं झाली, एक गृहस्थ अशीच बंदूक गोधडीत गुंडाळून एसटीने मुंबईला आणि आमच्या दुकानात घेऊन आले. परवाना वगैरे सगळं रीतसर होतं. म्हणाले, रिकामी आहे, वडील गेल्यापासून कुणी हात लावलेला नाही. मी गज नळीत सोडला आणि तोंडाशी अंगठ्याने धरून ठेवला. मग तोच गज बाहेरून नळीच्या अंगाला लावला. गजाचं टोक बोंडीपासून, म्हणजे टोपी जिच्यावर बसते त्या पोकळ खुंटीपासून, चार बोटं अलीकडेच थांबलं. आत बार होता. वीस वर्षं तो बार त्या घरात भिंतीवर टांगलेला होता, आणि त्याच भिंतीखाली पोरं झोपत होती. आम्ही बोंडीतून तेल सोडलं, रात्रभर ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी स्क्रूच्या गजाने बोळा ओढून काढला. आधी काथ्या, मग छर्रे, मग चिंध्या, आणि तळाला डांबरासारखी झालेली दारू. आमच्या दुकानाच्या मालकांनी तिची चिमूट कागदावर वाळवली आणि लांबून काडी लावली. भस्सकन पेटली. काळी दारू कोरडी राहिली तर म्हातारी होत नाही.

तुमच्या बंदुकीचा घोडा ओढून पाहू नका, टोपी लावून तर मुळीच नाही. नळीचं तोंड कुणाकडेही येऊ देऊ नका. माळ्यावर आहे तिथेच राहू द्या, आणि पोलिसांना सांगताना आत बार असू शकतो हे पहिल्या वाक्यात सांगा.

माझे वडील परवान्याची ठासणीची बंदूक झाडून झाल्यावर गरम पाण्याने धुतात. लोखंड पाण्याने गंजणार नाही का? मी त्यांना चांगलं गन ऑइल आणून दिलं, ते त्याला हातही लावत नाहीत. — एक वाचक, घाटकोपर

वडील बरोबर करतात. काळी दारू जळते तेव्हा तिच्या निम्म्याहून जास्त भागाचा वायू होत नाही, काजळी आणि क्षार होतात. त्यातले काही धुराबरोबर उडतात, बाकीचे नळीतच राहतात. हे क्षार हवेतला ओलावा ओढून घेतात. तुमच्या गावच्या पावसाळी हवेत तर एका रात्रीत नळीला तांबूस थर चढेल. ते क्षार पाण्यात विरघळतात, तेलात नाही. तेल नुसतं वरून लावलं तर क्षार खाली तसेच राहतात आणि तेलाखाली लोखंड खात बसतात.

गरम पाण्यात थोडा साबण घालायचा, नळीचा तळ बादलीत ठेवायचा, आणि गजाला चिंधी गुंडाळून पंपासारखं वर-खाली करायचं. पाणी आधी काळं, मग राखाडी येतं, शेवटी स्वच्छ येतं. स्वच्छ आल्याशिवाय थांबायचं नाही. गरम पाण्याने नळी तापते आणि लवकर सुकते. तरी कोरड्या चिंध्या एकामागून एक फिरवायच्या, शेवटची चिंधी हाताला पूर्ण कोरडी लागेपर्यंत. बोंडीच्या आट्यांत पाणी अडकतं, ती सोडवून वेगळी पुसायची.

तुम्ही आणलेलं तेल त्यानंतर लागतं. कोरड्या नळीला आतून-बाहेरून पातळ हात द्यायचा. आणि तिसऱ्या दिवशी पांढरी चिंधी पुन्हा एकदा आत फिरवून पाहायची. तांबूस डाग आला तर वडिलांना सांगा, बोंडीच्या मागचा कोपरा राहिलाय.